ताकाचा दोष

माझ्या डाव्या गालावर तळहाताएवढा डाग आहे. भाजल्यासारखा दिसतो, पण भाजलेला नाही. बसमध्ये शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "तेल उडालं का वं बाई?" पूर्वी मी मान हलवून मोकळी व्हायचे. आता सांगते, "नाही, औषध लावलं." मग ती बाई उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहते. मला त्यात बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आम्ही रामाकोन्याला राहत होतो. आई संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची, मी तिच्या मागे मागे. एकदा वाळक्या फांदीचा काटा गालात घुसला, जखम चिघळली, गाल फुगला आणि ताप चढला. सरकारी दवाखाना सौंसरला, आणि बुवा आमच्याच गल्लीच्या टोकाला. म्हणून मला बुवांकडे नेलं. बुवा म्हणजे जखमेचं औषध देणारे. घरची कपाशी, संत्र्याचा बगीचा, गावात वजन. औषध हिरवंगार, पाट्यावर वाटलेलं, पळसाच्या पानात बांधून द्यायचे. बदल्यात काहीच घेत नसत, नारळसुद्धा नाही. जो काही घेत नाही त्याला जाब विचारता येत नाही, हे मला फार लवकर कळलं.

लेप लावला आणि गाल पेटला. मी किंचाळत होते आणि दोन बायकांनी माझे हात धरले होते. बुवा शांतपणे म्हणाले, "आग होऊन राहिली ना? म्हंजे लागू पडून राहिलं." तिसऱ्या दिवशी लेप काढला तेव्हा त्याच्याबरोबर गालाची चामडीही आली. बुवांनी वाकून पाहिलं, मग आईकडे वळले.

"पथ्य मोडलं का?"

पथ्य होतं आंबटाचं. चिंच नाही, दही नाही, ताक नाही. आदल्या दिवशी मी तापाने फणफणले होते आणि आईने मला घोटभर ताक पाजलं होतं. आई खोटं बोलत नाही, हाच तिचा मोठा दोष. तिने सांगून टाकलं.

"मंग मी काय करू?" बुवा म्हणाले. "मायनंच घात केला पोरीचा."

एवढंच बोलले आणि आत गेले. पण त्या एका वाक्यावर गावाने पुढची तीस वर्षं काढली. माझी आत्या तर लग्न असो की मयत, कोणी माझ्याकडे बघितलं की पटकन सांगायची, "वहिनीनं ताक पाजलं ना तिले." मला बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगितलं गेलं. पाहुणे पोहे खाऊन गेले, परत आले नाहीत. एकाच्या आईने तर जाता जाता आईला विचारलं, "पथ्य पाळता येत नाही तं औषध कायले घ्याव?" आई खाली बघत उभी राहिली. वडील गेल्यावर आम्ही सौंसरला खोली घेतली, तरी आत्या पाठोपाठ तिथेच राहायला आली आणि ते वाक्यही तिच्यासोबत आलं. आई कित्येक वर्षं शनिवारी जामसांवलीच्या देवळात पायी जायची. देवाला काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात तेव्हापासून ताक होत नाही.

मी मात्र देवाकडे काही मागितलं नाही. मी डूख धरला. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय मी का घेतला असं कॉलेजात कोणी विचारलं की मी आवड म्हणून सांगायचे. आवड कसली आलीये! मला बुवांचं औषध एकदा हातात घ्यायचं होतं, काचेच्या बशीत टाकायचं होतं, आणि त्यात काही दम नाही हे कागदावर लिहून त्यांच्या अंगणात वाचून दाखवायचं होतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा आईने पेढे वाटले. मी मनात म्हटलं, थांब, खरे पेढे अजून बाकी आहेत.

पण औषध मिळेना. बुवांचे नियम कडक. ज्याला जखम त्यालाच औषध, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, वनस्पतीचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो म्हणे. मी कितीतरी वर्षं दबा धरून बसले. शेवटी माझं काम गोटमारीने केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालतात, पांढुर्णा एकीकडे आणि सावरगाव दुसरीकडे, आणि त्या दिवशी शहाणीसुरती माणसंही शहाणी राहत नाहीत. आमच्या कॉलेजात यंदाच बदलून आलेले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, सावरगावचे. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, एरवी जिना चढताना दोनदा थांबणारे. तिसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते कपाळाला फडकं बांधून. फडक्याखाली हिरवा लेप होता. मला तो वास लगेच कळला.

"रामाकोन्याचे बुवा होय का बडे बाबू?"

"हाव ना ताई. दरसाली त्यायचंच घेतो. असं झोंबते का बाप्पा, डोळ्यातून पानी येते. पन झोंबल्याबिगर दवा कसली?"

त्यांच्या खिशात पळसाच्या पानात अजून दोन वेळचा लेप होता. मी फडकं उचलून बघितलं. दगडाने फुटलेली जागा बोटभर आणि तिच्याभोवती फोड आलेली चामडी चार बोटं. मी त्यांना आधी दवाखान्यात पाठवलं. पळसाची पुडी ठेवून घेतली. पुढे चार दिवस मी त्यांच्या खिचडीचीही चौकशी करत होते, तेव्हा त्यांना वाटलं ताईंचा आपल्यावर फार जीव आहे.

आमच्या विभागाच्या मॅडम बाहेरगावच्या, हुशार आणि सरळ. त्यांना मी डागाबद्दल काही सांगितलं नाही. पारंपरिक औषधाची जंतूंवर चाचणी करायची आहे एवढंच म्हटलं. त्या खूश झाल्या. लेपातला हिरवा पाला मी भिंगाखाली बघितला. केसाळ पानं, ओळखीची. आपल्याकडे बांधावर कुठेही उगवणारी कंबरमोडी. एवढी लपवाछपवी आणि आत कंबरमोडी! मी कॉलेजच्या मागच्या मैदानातून तीच ताजी तोडून आणली, प्रयोगशाळेच्या मिक्सरमध्ये वाटली आणि दोन अर्क केले. एक माझ्या पाल्याचा, एक बुवांच्या लेपाचा.

चाचणी साधी असते. काचेच्या बशीत जेलीसारखं खाद्य ओतायचं, त्यावर जखमेत पू करणारे जंतू पसरायचे, मधे छोटी भोकं पाडून त्यात अर्क भरायचा आणि बशी ऊबदार पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय आलेली असते. ज्या अर्कात दम असेल त्याच्याभोवती मात्र स्वच्छ गोल राहतो. तो गोल जेवढा मोठा तेवढं औषध भारी.

सकाळी मी पेटी उघडली. माझ्या कंबरमोडीभोवती बारीकसा गोल होता, टिकलीएवढा. बुवांच्या लेपाभोवती बांगडीएवढा. मी बशी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. मग सगळं पुन्हा केलं. पुन्हा बांगडी. तिसऱ्यांदाही तेच. इतकी वर्षं ज्याला पाणी पाजायचं ठरवलं होतं तो माझ्याच बशीत पहिला आला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मॅडमचं तर काही विचारूच नका. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, प्राचार्यांनी कार्यक्रम ठरवला. मी म्हटलं, "मॅडम, अजून हे सुरक्षित आहे की नाही ते बघितलेलं नाही. जंतू तर फिनाइलनेही मरतात." त्या म्हणाल्या, "बघू ना गं, तोही टप्पा करू. आधी त्यांचा सत्कार तर होऊ दे." आणि झाला. बुवा पांढरं धोतर नेसून आले, ऐंशीच्या घरातले, तरी ताठ. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. ते तबक धरून त्यांच्यासमोर उभी कोण होती? मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गालाकडे बघितलं, आणि म्हणाले, "सुखी राय बाई." ओळखलंसुद्धा नाही. स्वतःच्या हातचं काम माणूस असं विसरतो! तबक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. घातलं नाही, कारण मला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाटकाकडून बकरीचं ताजं रक्त आणलं, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेटचा क्षार घालून. रक्तातल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात धुवून घेतल्या आणि चार नळ्यांत भरल्या. एका नळीत नुसतं मिठाचं पाणी. दुसरीत साधं पाणी, ज्यात त्या पेशी फुटणारच. तिसरीत माझी कंबरमोडी, चौथीत बुवांचा लेप. पेशी धड राहिल्या तर त्या तळाला बसतात आणि वरचं पाणी नितळ दिसतं. फुटल्या तर अख्खी नळी लाल होते.

तासाभराने कंबरमोडीची नळी मिठाच्या पाण्यासारखीच नितळ होती. बुवांची नळी तळापासून तोंडापर्यंत लालभडक. मी ती उजेडात धरली आणि हसले. एकटीच, मोठ्याने. शिपाई दारात येऊन बघून गेला.

म्हणजे लेपात कंबरमोडीशिवाय आणखी काहीतरी होतं. जंतू मारणारंही तेच आणि चामडी जाळणारंही तेच. लेप पुन्हा भिंगाखाली घातला, या वेळी घाई न करता. हिरव्या पाल्यात तपकिरी सालीचे बारीक तुकडे दिसले, कुठल्यातरी मुळीचे. ते काय, हे कळायला रामाकोन्याला जाण्यावाचून इलाज नव्हता. रविवारी बुवा अंगणात औषध देतात. मी बडे बाबूंना गाडी काढायला लावली.

अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती आणि चिडीचूप शांतता होती. ती शांतता मला लहानपणची आठवत होती. औषध वाटताना कोणी बोलायचं नाही. बोललं की टोकलं, आणि टोकलं की गुण गेला. त्यामुळे बुवा जे करतील ते सगळ्यांनी मुकाट बघायचं. मी बघितलं. आधी एक कंबरेत वाकलेला म्हातारा होता. त्याच्या संधिवातासाठी बुवांनी पाट्यावर काळपट मुळी वाटली. चित्रकाची मुळी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, ती मुळी अंगाला लावली की फोड येतात हे कोणीही सांगेल. सांध्यासाठी तेच हवं असतं. मुळीचा लेप काढून दिला, कोरड्या फडक्याने पाटा एकदा पुसला आणि त्याच पाट्यावर बुवांनी हिरवा पाला ठेवला. पाण्याचा थेंब नाही. तो पाटा त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी धुतलेला नव्हता. धुतला तर पाट्यातला गुण वाहून जातो, अशी त्यांची समजूत.

ज्या रविवारी आधी संधिवाताचा माणूस आला त्या रविवारी जखमेवाल्याचं नशीब फुटलं. एवढंच होतं ते. ताक नव्हतं, चिंच नव्हती, माझी आई नव्हती.

"बुवा, थांबा," मी म्हटलं.

अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. बुवांचा हात वरवंट्यावर थांबला.

"टोकलं कोनं? कोनाची होय वं तू?"

मी आईचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. ते आठवत राहिले. मग मी गाल पुढे केला. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"हा... ते ताकवाली?"

चेहरा विसरले होते. दोष पाठ होता. मी पिशवीतून चारही नळ्या काढल्या, त्यांच्या पाट्याशेजारी ओळीने ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकेका नळीचं सांगितलं. ही नुसत्या पाल्याची, रक्त धड. ही तुमच्या लेपाची, रक्त फुटलं. बडे बाबूंना पुढे ओढून त्यांचं कपाळ दाखवलं. गरीब बिचारे, दोन्हीकडून मार खाल्ला त्यांनी. मग पाट्याकडे बोट केलं: मुळीचा रस ह्यावर राहतो, तोच पाल्यात उतरतो.

"पाटा धुतला तं गुण जाते," बुवा हळूच म्हणाले.

"जाऊ द्या. गुणानंच माही चामडी गेली."

"आता काय पाह्यजे तुले?"

हे मला कित्येक वर्षांपासून पाठ होतं. "पाटा आज धुवा, माह्यासमोर. मुळी वेगळ्या पाट्यावर. अन् सौंसरले चला. मायले सांगा, तिचा दोष नव्हता. माही आत्या समोर पाह्यजे, शेजारपाजार समोर पाह्यजे. नाही आले तं ह्या नळ्या घेऊन मी दर रविवारी इथं येऊन बसीन."

बुवांच्या सुनेने पाणी आणलं आणि बुवांनी पाटा धुतला. पाणी आधी हिरवं, मग तपकिरी, मग काळं आलं. लोक बघत होते. मला वाटलं होतं मला फार आनंद होईल. झालाच. कोणी मला मोठ्या मनाची वगैरे समजू नये.

मंगळवारी बुवा बडे बाबूंच्या मोटरसायकलवर मागे बसून सौंसरला आले. मी आत्याला पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं, शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या. आईला काही सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि बुवांना बघून तिने आधी डोक्यावर पदर घेतला. मला त्या पदराचाही राग आला.

बुवा उभेच राहिले. म्हणाले, "बाई, ताकानं काही झालं नव्हतं. चूक माह्या पाट्याची होती. त्याच्यावर मुळी वाटली होती. तुह्या पोरीनं दाखवलं." मग थांबून, जड जात होतं त्यांना, "मी तवाच समजलो होतो. पोरीचा गाल पाह्यला अन् समजलो. पन लोकायसमोर काय सांगू?"

तवाच समजलो होतो! म्हणजे नकळत झालेली चूक नव्हती ती, माझ्या आईवर जाणूनबुजून ढकललेली होती. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी आत्याकडे वळले. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हणाले, "ऐकलं का आत्याबाई? आता सांगा गावभर." मग आईकडे बघितलं, तिच्या तोंडावर आता काय उमटतं ते बघायला. हाच क्षण मी एवढी वर्षं राखून ठेवला होता.

आई बुवांकडे बघत म्हणाली, "मले माहीत होतं बुवा."

आत्या खुर्चीत पुढे सरकली.

"मी समोरच बसली होती ना. पाट्यावर काळी मुळी पाह्यली होती मी. तुमी त्याच्यावरच पाला वाटून राहिले होते. माह्या मायले त्या मुळीनं फोड आले होते, मी वळखली." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "वाटलं, बोलाव. पन टोकलं तं गुण जाईन. पोरगी तापानं फणफणून राहिली होती. म्हनलं, गुण नको जायले. गप बसली."

ताकाचं बोलणं तिने का सोसलं ते मला तेव्हा कळलं. ताकाचा दोष तिला हलका वाटत होता. आत ठेवलेला त्याहून फार जड होता. जामसांवलीला ती पायी कशासाठी जात होती तेही कळलं.

मग ती माझ्याकडे वळली. "मी बोलली असती तं तुहा गाल वाचला असता. नाही का वं?"

मी काय म्हणायला हवं होतं हे मला माहीत आहे. नाही गं माय, तुझी काय चूक. सगळ्या बायका तेच वाक्य माझ्या तोंडून ऐकायला थांबल्या होत्या, बुवाही. पण माझ्या अंगात तीस वर्षांचा राग चढलेला होता आणि तो तोंडापर्यंत आला होता. तो बुवांसाठी आणला होता, आत्यासाठी आणला होता. निघाला तो आईवर.

"हो," मी म्हटलं. "वाचला असता."

शेजारच्या एका बाईने हाय हाय केलं. आत्या उठून उभी राहिली, म्हणाली, "जलमदात्या मायले असं बोलते का कोनी?" ती आत्या, जिने तीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. बुवा खाली बसले, कोणी न सांगता, दाराजवळ जमिनीवर. मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली, आणि तरीही बोललेलं मागे घ्यावंसं वाटत नव्हतं, कारण ते खरं होतं.

आई मात्र रडली नाही. तिने दोनदा मान हलवली, मी पाढा बरोबर म्हटल्यावर लहानपणी हलवायची तशी. तिचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत ते किती वर चढलेले होते हे मला ते खाली आल्यावर दिसलं.

"हाव," ती म्हणाली. "असं सरळ सांगाव ना कोनीतरी. सारे भलत्याच गोष्टीसाठी बोलून राहिले होते मले."

मग ती चहा टाकायला आत गेली. बुवांनाही चहा दिला तिने, बशीसकट. मी मधे पडले नाही, पण त्यांच्या हातात कप द्यायला मी उठलेही नाही. बुवांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. आईने माझ्याकडे माफी मागितलेली नाही, आणि ती मागेल अशी वाटही मी बघत नाही. त्या रात्री ती लवकर झोपली. घोरतसुद्धा होती.